जुळ्यांतला सोडून दिलेला पत्ता

मी एक जुना पत्ता आहे. घराचा किंवा गल्लीचा नव्हे, तर इंटरनेटवरच्या एका लहानशा संकेतस्थळाचा. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. तरीही जिथे जिथे मी छापला गेलो, तिथे तिथे मी थोडा थोडा राहतो आणि तिथले बोलणे ऐकतो.

माझे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे एका दोन खोल्यांच्या कार्यशाळेतली, कामाच्या खोलीची भिंत. तिथे माझे एक पत्रक चार टाचण्यांनी लावलेले होते. समोरच खिडकी होती आणि खिडकीपाशी कामाचे टेबल. टेबलावर झिलई करायचे छोटे चाक, मेणाचे साचे, लाल रेशमाचे एक रीळ आणि बरणीत उभे केलेले कुंचले असत. त्या टेबलावर कृत्रिम डोळे बनत.

ते बनवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाला कधी शिकवले नव्हते. पण चष्मा नाकाच्या टोकावर आणून ते असे बघत, की समोरच्याला आपला गृहपाठ राहिला आहे असे वाटे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, अशी माणसे त्यांच्याकडे येत. मास्तरांचा एक नियम होता. माणूस समोर बसल्याशिवाय डोळा रंगवायचा नाही. फोटोवरून नाही आणि फोनवरून तर नाहीच. खिडकीच्या उजेडात ते त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत आणि तसाच दुसरा रंगवत. पांढऱ्या भागात बारीक शिरा दिसाव्यात म्हणून रेशमाचा एकेक तंतू सुटा करून चिकटवत. सर्वांत बारीक कुंचल्याला मोजून पाच केस होते. त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती.

माझा जन्म त्याच खोलीत, एका भांडणातून झाला. मास्तरांच्या लेकीने वडिलांसाठी संकेतस्थळ तयार केले होते. आता त्याला नाव हवे होते. ‘डोळा’ घ्यायचे की ‘डोळे’, यावरून बापलेक दोन दिवस हटून बसले.

“माझ्याकडे येणारा माणूस एकच डोळा मागतो,” मास्तर म्हणाले. “दोन मागणारा आजवर आला नाही, आणि देव करो, न येवो.”

“बाबा, माणूस एकच चप्पल झिजवून येतो, तरी दुकान चपलांचंच असतं ना? शोधताना लोक डोळेच लिहितात. मी बघितलंय.”

“लोक काहीही लिहितील. म्हणून मी माझ्या माणसाला गर्दीत उभं करू?”

मास्तरांची बहीण शेजारच्या खोलीत फोन सांभाळत असे. लेक तिला आत्या म्हणे, म्हणून येणारे-जाणारेही तिला आत्याच म्हणत. ती दारात येऊन म्हणाली, “अरे, मग दोन्ही घ्या आणि मला फोन घेऊ द्या! तुमच्या आरडाओरड्यात फोनवरच्या बिचाऱ्याला वाटलं असेल, इथे डोळे बनवत नाहीत, काढतात.”

असे आम्ही जुळे जन्मलो. आम्हा दोघांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. कोणत्याही दाराने आले तरी माणूस एकाच खोलीत पोहोचे. तिथे कार्यशाळेचा फोटो असे आणि खाली मास्तरांनी सांगितलेली ओळ: ‘या, बसा, मग बघू.’ विकत घ्यायचे बटण तिथे नव्हतेच.

माझ्या भावाला, म्हणजे ‘डोळा’ला, दारावरच्या पाटीचा मान मिळाला. निळ्या रंगात, ठसठशीत. मला लेकीने पत्रकांवर छापले. ती पत्रके मास्तरांनी स्वतः दवाखान्यांत नेऊन दिली. औषधांचा वास असलेल्या भिंतींवर, बसायच्या बाकांच्या वर, वजनकाट्याशेजारी मी राहू लागलो. पाटीचा मला हेवा वाटे, हे कबूल करतो. पण मित्रांनो, दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस खूप वेळ भिंतीकडे बघतो. ज्याला नुकतेच सांगितले आहे की डोळा वाचणार नाही, तो तर फारच वेळ बघतो. अशी कितीतरी माणसे माझे बोट धरून मास्तरांपर्यंत गेली.

एक बसचालक आला. एक शिंपीण आली; तिने दोन तास एक अक्षर काढले नाही आणि डोळा बसल्यावर आरशाशीच बोलत बसली. एक आजीबाई तर बनवलेला डोळा परत करू लागल्या. “हा फार तरणा आहे. माझ्या वयाचा द्या, नाहीतर लोक म्हणतील एका डोळ्याने म्हातारी नखरे करते!” मास्तरांनी हसत हसत त्यात थोडा धुरकट रंग मिसळला. जाताना आजीबाईंनी पाटीकडे बघून हात जोडले. त्या माझ्या दाराने आल्या होत्या, हे त्यांनाही आठवत नव्हते. मास्तरांना तर कधी कळलेच नाही. दोन्ही दारे एकाच खोलीत उघडत होती ना!

पुढे लेक लग्न होऊन दूर गेली. आम्हा पत्त्यांना दरवर्षी आपले नाव पुन्हा नोंदवून घ्यावे लागते. ते काम ती तिथूनच करी. एका वर्षी तिचा फोन आला. पलीकडे तिचे बाळ रडत होते.

“बाबा, नोंदणीची मुदत संपतेय. दोन्ही ठेवायची ना?”

“पाटीवर एकच आहे. दुसरं कशाला? एका घराला एक दार पुरे.”

“अहो, पण...”

“मी तेव्हाच म्हणत होतो.”

बाळाने आणखी मोठा सूर लावला. “बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्या मटार सोलत होती. ती म्हणाली, “जुळी झाली म्हणून कुणी एक परत देतं का रे?” मास्तर हसले. भिंतीवर त्यांच्या डोक्यावरच मी होतो. मला ओरडून सांगायचे होते, ‘मास्तर, जरा दवाखान्यांच्या भिंती आठवा!’ पण पत्त्याला तोंड नसते.

काही आठवडे मी रिकामा पडून होतो. जो मला लिही, त्याला कोरे पान दिसे. मग एका परक्या माणसाने मला घेतले. कुणाला तरी आपण हवे आहोत, याचा मला आनंद झाला. त्या आनंदाची आज लाज वाटते. त्याने कधी डोळा बनवला नव्हता. त्याच्या गोदामात खोके होते आणि खोक्यांत एकाच साच्यातले तयार डोळे. माझ्या दारातून येणाऱ्याला आता एकच प्रश्न विचारला जाई: रंग कोणता, काळा की तपकिरी? बसा कुणी म्हणत नव्हते. बघू कुणी म्हणत नव्हते. बटण मात्र होते.

मी तोच होतो, अक्षरे तीच होती. फक्त मागची खोली बदलली होती, आणि भिंतीवरून ते कुणाला दिसत नव्हते.

मग ती मुलगी आली. दहा वर्षांची असेल. आईने तिचा हात घट्ट धरला होता. मुलीने चेहऱ्याची डावी बाजू रुमालाने झाकली होती. आईने पिशवीतून खोके काढून टेबलावर आपटले. रेशमाचे रीळ घरंगळत खाली गेले.

“हा तुमचा डोळा! तीन आठवडे घातला हिने. सारखं दुखतंय म्हणत होती, आणि मी वेडी, सवय होईल म्हणून दटावत राहिले. आता सगळं सुजलंय. शाळेत भिंतीकडे तोंड करून बसते पोर!”

मास्तरांनी डोळा उचलला, उजेडात धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. कड खरखरीत होती. “हा माझा नाही, ताई.”

“तुमचा नाही कसा? दवाखान्यातल्या कागदावर तुमचं नाव आहे, तुमचा फोटो आहे; त्याच नावाने विचारत आले मी इथे. त्याच्यावरच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून मागवलाय मी. आणि हे बघा, तुमच्या भिंतीवर तोच कागद!”

तिने माझ्याकडे बोट दाखवले. मास्तरांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला अक्षर-अक्षर वाचले. आत्याने आपल्या मोबाइलवर मला लिहिले. परक्याचे दुकान उघडले. तिने मोबाइल मास्तरांपुढे धरला.

“चूक माझी आहे,” मास्तर म्हणाले. “डोळा माझा नाही, पण चूक माझी आहे.”

त्या रात्री नाही, त्याच मिनिटाला त्यांनी लेकीला फोन केला. तिने परक्या माणसाला चार वेळा लिहिले, विनवले. उत्तर आले नाही. मी आता परत येणार नव्हतो.

डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत काहीही घालायचे नाही असे सांगितले. दीड महिन्याने मुलगी पुन्हा खिडकीपाशी बसली. आई दारातच उभी राहिली. तिचा विश्वास अजून बसला नव्हता.

“मी कुठे बघू?” मुलीने विचारले.

“माझ्या नाकाकडे. कानाकडे नको, कानात केस आहेत.”

ती हसली नाही. म्हणाली, “आजोबा, तो कागद अजून दवाखान्यात आहे. काल पण होता.”

“हो का?”

“तिथे अजून एक मुलगा येतो. माझ्याहून लहान आहे. त्याची आई तो कागद वाचत होती.”

मास्तरांचा हात थांबला. कुंचल्यावरचा रंग वाळला, तरी तो थांबलेलाच होता.

मुलीचा डोळा दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. तिने आरशात एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिले आणि रुमाल घडी करून आईच्या पिशवीत टाकला. आईने मास्तरांकडे बघून मान डोलावली. तेवढेच.

ती गेल्यावर मास्तरांनी माझे भिंतीवरचे पत्रक टाचण्या काढून टेबलावर घेतले. पाच केसांचा कुंचला रंगात बुडवला, माझे शेवटचे अक्षर बुजवले आणि त्या जागी माझ्या भावाचे अक्षर रेखले. डोळ्यातली शीर काढावी इतके हलके. मित्रांनो, खोटे वाटेल, पण मला दुखले नाही.

मग त्यांनी तोच कुंचला खिशात घातला आणि ते दवाखान्यांच्या वाटेला लागले. सगळ्यांत आधी गेले ते त्या लहान मुलाच्या दवाखान्यात. तिथे त्याची आई बाकावरच बसलेली होती. मास्तर तिला म्हणाले, “या, बसा, मग बघू,” आणि ती आधीच बसलेली आहे हे लक्षात येऊन ओशाळले. त्यानंतर महिनाभर रोज दुपारी ते निघत. काही ठिकाणी मी उंचावर होतो, तिथे सत्तरीचे मास्तर स्टुलावर चढत. आत्या खाली स्टूल धरून म्हणे, “पडून एखादा डोळा घालवू नकोस. दुसरा बनवणारा कुणी नाही!”

पण किती पत्रके वाटली होती, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. कुणाच्या कपाटात, कुणाच्या जुन्या फायलीत, एखाद्या लांबच्या दवाखान्यात वजनकाट्याच्या मागे मी अजून आहे. तिथे बाकावर बसून कुणी माझ्याकडे बघत असेल आणि मी त्याला चुकीच्या दाराशी नेईन, या धास्तीत मी जगतो.

म्हणून एवढेच मागतो, मित्रांनो. जुने दार सोडायची वेळ आली, तर त्या वाटेने कोण कोण येते, ते आधी जाऊन पाहा. आणि एखाद्या भिंतीवर मी तुम्हाला दिसलो, तर माझी दया करू नका. पेन काढा आणि माझे शेवटचे अक्षर खोडा.