नाडा अडकला आणि देव लोंबकळला

मित्रांनो, मी मोटेचं एक म्हातारं चाक आहे. आष्ट्याच्या पीरमहंमद सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि कुंडलच्या एका विहिरीवर बसवलं. बैल उतरणीला लागले, की माझ्यावरून नाडा, म्हणजे जाड दोर, सरके आणि पाण्यानं भरलेली चामडी मोट वर येई. मी करकरत असे. लोक त्याला गाणं म्हणत. मला तेवढं कौतुक पुरे होतं.

विहीर दोन भावांची. धाकटा जोतिबा लढाईवर गेला आणि थोरल्या नाथाजीनं त्याच्या वाट्याची पाण्याची पाळी बंद केली. जोतिबाची बायको अंजना हिचा ऊस वाळू लागला. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची तेव्हा रीत नव्हती. ती पदर ओढून विहिरीशी उभी राही आणि नाथाजी आभाळाकडे बघत बिडी ओढी.

१९४४ सालच्या जत्रेत दादासो मास्तरांनी नाटक बसवलं. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून ते भर दुपारी ठेवलं. देवाचं काम नाथाजीकडे आलं, कारण मुकुट त्याच्याच डोक्याला बसला. मास्तरांनी आपल्या देवाला नियम घालून दिले होते. जमिनीला पाय लावायचा नाही आणि दिलेला शब्द फिरवायचा नाही. "देवाला बंधन नसलं, तर नाटक पहिल्याच अंकात संपेल," असं ते म्हणत.

देव आभाळातून उतरावा म्हणून मला विहिरीवरून काढून मांडवाच्या आडव्या वाशाला टांगलं. नाड्याचं टोक नाथाजीच्या कमरेला बांधलं आणि चार गडी नाडा सोडू लागले. अर्ध्यावर नाडा माझ्या खाचेतून निसटला आणि वाशात अडकला. नाथाजी अधांतरी लोंबकळू लागला. घाबरून त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "भक्तांनो, मागा काय मागायचं ते!"

बायकांच्या घोळक्यातून अंजना उठली. "देवा, माज्या रानाला पाण्याची पाळी कवा?"

"आगं, हे नाटकात न्हाई!"

"मी देवाला इचारतीया. भावजींस्नी न्हाई."

सारा मांडव हसला. नाथाजीच्या कमरेला दोर काचत होता. तो ओरडला, "आदी मला खाली घ्या रं!"

पडद्याआडून मास्तर कुजबुजले, "नाथाजी, देवाचा पाय जमिनीला लागत नाही."

"दिली पाळी! आठवड्यातनं दोन दीस दिली! आता तरी सोडवा!"

विहिरीवर निसटलेला नाडा अंजनानं कितीदा तरी बसवला होता. ती शिडीवर चढली, काठीनं नाडा ढकलून माझ्या खाचेत आणला आणि देव धपकन खाली आला. नाडा मी मुद्दाम निसटू दिला, असं लोक म्हणतात. खरं सांगतो, लाकडाला एवढी अक्कल नसते. पण मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला परत विहिरीवर बसवलं, तेव्हा नाथाजी म्हणाला, "पाळी देवानं दिली. म्या न्हाई."

अंजनाचा पदर ओढलेलाच होता, पण आवाज आता खणखणीत होता. "व्हय की. मग देवाच्या कामात तुमी माणसानं कशाला पडायचं?"

विहिरीवरचे गडी खो-खो हसले. नाथाजीनं आपले बैल मोटेवरून सोडले आणि अंजनाच्या बैलांना वाट करून दिली. त्या दिवशी अंजनाच्या उसात पाणी खळखळलं.

पुढे विहिरीवर पाणी उपसायला इंजिन आलं. नाथाजी मला चुलीत घालायला निघाला होता. अंजनानं मला आपल्या घरी नेलं. ती मला दर महिन्याला तेल चोळी आणि त्या घरात अजूनही चोळतात. मित्रांनो, तुमच्या गोठ्यात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्यालाही थोडं तेल द्या. एवढ्यासाठी कुठला देव खाली येत नाही. तुम्हालाच उठावं लागेल.