हजेरीतलं नाव

आंजीच्या डोमाजी सुताराला शाळेत जाऊन एक सही करायची होती, आणि तीन आठवडे झाले तरी त्याला सवड मिळत नव्हती. आज कुणाच्या बंडीचं चाक, उद्या कुणाचं वखर, परवा अंगच जड. एवढं काम गावात कधीपासून साठलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती. त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णेनं, विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

त्याची भाची सुलोचना मॅट्रिक पास झाली होती. वर्ध्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी तिची निवडही झाली, आणि तिथंच घोडं अडलं. केळझरच्या जन्मनोंदीत बाप म्हणून तानबा दुर्गे, आणि मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर सुलोचना डोमाजी मांडवकर. एका मुलीला दोन बाप चालत नाहीत, असं तिथल्या कारकुनानं ऐकवलं. नागपूरच्या बोर्डानं कळवलं, की ज्या शाळेत पहिलं नाव लागलं तिथल्या रजिस्टरात आधी दुरुस्ती करा, नाव लावणाऱ्याचा सहीचा जबाब जोडा, मग सर्टिफिकेट बदलून देऊ. जबाब दाखल करायची मुदत महिनाअखेरची. त्यानंतर जागा दुसऱ्या मुलीला.

नाव लावणारा डोमाजीच. त्याची बहीण वारली तेव्हा सुलोचना पाच वर्षांची होती. तानबानं दुसरा संसार थाटला आणि डोमाजी भाचीला खांद्यावर बसवून घरी घेऊन आला. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. शाळेत घालताना त्या वेळच्या हेडमास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तर यानं आपलंच सांगितलं. गडबडीत तोंडातून निघून गेलं, असं तो आजवर सांगत आला. साफ खोटं. आधी तीन दिवस रंधा मारताना तो तेच नाव पुटपुटत होता.

घरात मात्र ती त्याला मामाच म्हणे. अन्नपूर्णेनं तसं वळणच लावलं होतं. गेलेल्या नणंदेची आठवण पुसली जाऊ नये म्हणून. डोमाजीनं कधी हट्ट धरला नाही. त्याची हौस दुसरीकडे भागत होती. शाळेत रोज सकाळी हजेरी होई आणि हजेरीत पूर्ण नाव पुकारलं जाई.

शाळेत बाकं होती जेमतेम आठ, पण त्यांच्यामागं काय साडेसाती लागली होती कोण जाणे. आठवड्याआड एखादं डुगडुगे. डोमाजी फुकटात दुरुस्त करून देई, तेही बरोबर हजेरीच्या वेळी. व्हरांड्यात बाक उलटं टाकून तो पाचर ठोकत बसे. आतून मधुकरराव गुरुजींचा आवाज येई, सुलोचना डोमाजी मांडवकर, आणि त्याची हातोडी वरच्या वर थांबे. मग आतून येई, हजर. इतर पोरी तोंडातल्या तोंडात म्हणत. ही खणखणीत म्हणे. तेवढं ऐकलं की डोमाजी बाक सरळ करी. जाता जाता दुसऱ्या एखाद्या बाकाची पाचर हळूच ढिली करून जाई. पुढं सुलोचना वर्ध्याच्या हायस्कुलात गेली, वसतिगृहात राहू लागली, आणि आंजीची बाकं एकाएकी भक्कम झाली. चार वर्षांत डोमाजीनं ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जीव फार तुटे त्याचा, पण सांगणार कुणाला?

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा जेवता जेवता तो बायकोला म्हणाला, "पोरीचं नाव तं लग्नात बदलतेच. तवरोक चार-पाच सालं माह्यं राह्यलं असतं, तं कोनाचं काय गेलं असतं?"

"तिची मास्तरकी गेली असती," अन्नपूर्णा म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकर वाढली.

ती भाकर त्याला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून तो सुलोचनाला म्हणाला, चाल.

मधुकरराव गुरुजी आता हेडमास्तर झाले होते. जबाब त्यांनी लिहूनच ठेवला होता. तो त्यांनी वाचून दाखवला: सुलोचना ही माझी मुलगी नसून माझ्या मयत बहिणीची मुलगी आहे, बापाच्या जागी माझं नाव मी चुकीनं सांगितलं. मग त्यांनी टाक पुढं केला. डोमाजीला लिहिता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. तेही सुलोचनानंच, तिसरीत असताना, आपल्या पाटीवर गिरवून घेतलेलं. आता त्याच अक्षरांनी ती आपली नाही असं लिहून द्यायचं होतं. टाकाची शाई निबावरच वाळली. गुरुजींनी तोवर जुनं रजिस्टर उघडून ओळ शोधली, पट्टी लावली, आणि लाल शाईची दौत जवळ ओढली.

"गुरुजी," डोमाजी म्हणाला, "रेघ माराच्या आंधी येक खेप हजेरी घ्या न. जशी घेत होते तशी. मी त्याच्यासाठीच येत होतो बाकं ठोकाले."

इतक्या वर्षांचं बाकांचं कोडं गुरुजींना आत्ता सुटलं. दारात उभ्या असलेल्या सुलोचनाकडे बघायचं त्यांनी टाळलं. चष्मा पुसला, रजिस्टर समोर धरलं आणि वर्गात घेत तसा आवाज लावला.

"सुलोचना डोमाजी मांडवकर."

बाहेर पोरांची पाटी-दप्तराची गडबड चालली होती. डोमाजी खाली मान घालून बसला होता. त्याला नुसतं नाव ऐकायचं होतं, पुढचं त्यानं मागितलं नव्हतं.

"हजर," सुलोचना म्हणाली. खणखणीत, व्हरांड्यात बसलेल्या माणसाला ऐकू जावं तशी.

डोमाजीनं टाक पुन्हा काळ्या शाईत बुडवला आणि कागदावर सही केली.