हाताचा फोटो

मी जर्मनीचा आहे, बरं का! आणि इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या निम्म्या घरांत भिंतीवर जे चेहरे टांगलेत ना, ते सगळे माझ्या हाताखालून गेलेत.

आता जर्मनीचं म्हणाल, तर तसं माझ्या अंगावर रंगवलंय. उलटं करून बघू नका. बघितलंत तर पोटाखाली तुपाच्या डब्यावरची अर्धी गाय दिसेल. बयूमी नावाच्या पत्रेवाल्यानं कैरोच्या एका दुकानात खरा जर्मन मास्क पाहिला, दुकानदाराची पाठ वळल्यावर बोटांनी मापं घेतली आणि टांट्याला परत येऊन तीन डबे कापून मला ठोकलं. आणि निम्मं टांटा म्हणजे, आमची गल्ली. तिच्यातलीही डावीकडची घरं.

तर मी मास्क. तोंडावर बांधायचा नव्हे, त्या चिंधीनं परवा परवा येऊन माझं नाव पळवलं. मी डार्करूममधला. एक पाट आणि त्यावर पुढेमागे सरकणाऱ्या चार पट्ट्या, एवढंच माझं अंग. कोरा कागद माझ्याखाली घालायचा, वरून एनलार्जरनं फोटोचा उजेड सोडायचा. जिथं उजेड पडला तिथं काळं. जिथं माझी पट्टी आडवी, तिथं पांढरं. फोटोभोवती जी पांढरी बॉर्डर दिसते ना, ती मी. साध्या माणसाला चारी बाजूंनी पांढरं दिलं की तो मंत्र्यासारखा दिसायला लागतो. मंत्र्याला दिलं तरी तो मंत्र्यासारखाच दिसतो, तिथं माझा इलाज नाही.

शिकलोय म्हणाल तर पट्टीवरचे आकडे तेवढे वाचता येतात, नऊपर्यंत. पुढचे झिजले.

माझा मालक उस्ताद वदीअ. तो बाहेरच्या खोलीत फोटो काढायचा, आणि त्याची बायको दिमियाना आत तांबड्या दिव्याखाली ते छापायची. सगळा देखावा त्याचा, सगळं काम हिचं. ती माझ्याशी बोलायची. दिवसभर अंधारात दुसरं कोण होतं? माझ्या पट्ट्या कारकुनाच्या शर्टाच्या पांढऱ्या कफांसारख्या, म्हणून मला ‘अफंदी’, म्हणजे बाबूसाहेब, म्हणायची. “सरळ बसा अफंदी, नवरदेव तिरका होतोय.” चिडली की तेच “अरे गाढवा” व्हायचं.

माणसं किती गमतीची! एक कापडवाला मेहुण्याशी भांडला आणि घरातला जुना एकत्र फोटो परत छापायला घेऊन आला. “याला काढून टाका.” निगेटिव्ह आमच्याकडेच होतं. मी उजवी पट्टी दोन बोटं आत घेतली, मेहुणा गेला. ईदला दोघांचं गूळपीठ जमलं. कापडवाला पुन्हा दारात. “उस्ताद, तो परत येईल का?” पट्टी दोन बोटं बाहेर, मेहुणा जागच्या जागी हजर, तोच कोट, तेच पोट. तेव्हापासून मला एक ठाऊक आहे. मी झाकतो, पुसत नाही.

आमची खरी धांदल मौलिदात. सय्यद बदवींच्या जत्रेला खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे यायचे. भाजलेले हरभरे घ्यायचे, मिठाई घ्यायची आणि पोराचा पहिला फोटो काढायचा. पण तीन वर्षांचं पोर एकटं बसतंय कशाला? भोकाड पसरायचं. आईनं धरलं की गप्प. आणि आईचा फोटो कित्येक नवऱ्यांना नको असायचा. भिंतीवर लागणार, येणारेजाणारे बघणार. मग वदीअनं तोड काढली. आईला पोराच्या डाव्या बाजूला उभी करायची, तिनं पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि छापताना माझी डावी पट्टी आत घ्यायची. आई पट्टीखाली. फोटोत पोर, आणि कडेहून आलेला एक हात. याला आमच्यात ‘हाताचा फोटो’ म्हणायचे. मौलिदात एवढे यायचे, की दिमियाना सकाळीच माझी पट्टी लावून ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत हलवायची नाही.

आता माझा गुण सांगतो. ती डावी पट्टी सैल होती. कंटाळा आला की मी अर्धं बोट सरकायचो. खोटं कशाला बोलू, मुद्दाम सरकायचो.

एकदा एक शेतकरी फोटो नाचवत आला. “उस्ताद, ही भुवई कुणाची?”

“कसली भुवई? पडद्यावरच्या खजुराचं पान आहे ते,” वदीअ म्हणाला.

“बारा वर्षं संसार केलाय मी या भुवईशी! राग आला की अश्शीच वर जाते!”

त्याच दिवशी बयूमीला बोलावून माझ्या डाव्या पट्टीवर भलामोठा स्क्रू बसवला. झाला माझा खेळ बंद. मग मी तरी काय करणार? बघत बसायचो. माझ्या पट्ट्या पांढऱ्या ना, त्यामुळे जी कागदावर पडायची नाही ती आई माझ्या पट्टीवर पडायची. निगेटिव्हमधली, काळ्या तोंडाची, पांढऱ्या डोळ्यांची. शेकडो आया पाहिल्या मी. बाकी कुणी पाहिल्या नाहीत.

त्यातलीच एक हानिम. तिचं पोर मुतवल्ली, तीन वर्षांचं, पायात नवे बूट, आणि छप्पर उडेल असं रडणं. तिचा नवरा दारातूनच बजावत होता, “बाईमाणूस दिसता कामा नये हं!” वदीअनं शब्द दिला. मी आतच होतो, मला काही दिसलं नाही. ऐकू आलं ते एवढंच की पोराचं रडणं मध्येच तुटलं आणि ते खदखदून हसलं. संध्याकाळी निगेटिव्ह माझ्यावर आलं तेव्हा कळलं, ते का हसलं. पण आत्ता नाही सांगणार. थांबा जरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा फोटो घेऊन गेला. दुपारी हानिम एकटी आली, हरभऱ्याची पुडी हातात. वदीअला ओलांडून थेट डार्करूमच्या दाराशी.

“बाई, एक विचारू का? मी आले का हो त्यात? म्हणजे, झाकायच्या आधी?”

दिमियाना काही बोलायच्या आत वदीअ बाहेरून ओरडला, “नाही, नाही! अजिबात नाही. निश्चिंत जा.”

“अजिबात नाही?”

“हात तेवढा. बाकी नखसुद्धा नाही.”

“बरं,” हानिम म्हणाली. थोडी उभी राहिली. “बरंच झालं मग.” आणि गेली. तिचं निगेटिव्ह दोन हातांवर दोरीला लटकत होतं. त्या दिवशी जेवताना वदीअ विचारतोय, “उसळीत मीठ नाही का?” आणि दिमियाना आपली पाव मोडतेय.

पुढे काय, रंगीत आलं, मग फोन आले. आता लोक फोटो काढतात आणि बघतही नाहीत. बॉर्डर कशाला हवी? वदीअ गेला. स्टुडिओच्या पुढच्या भागात मोबाइलची कव्हरं विकणारा भाडेकरू आला. डार्करूम दिमियानानं सोडली नाही, पण मला स्वयंपाकघरात नेलं. सहा वर्षं माझ्यावर पुदिना वाळवला. वाईट नव्हतं, वास चांगला येतो. पण पट्टीवरचा स्क्रू गंजून तिथल्या तिथं बसला, हाताच्या फोटोच्या जागेवर.

गेल्या मौलिदात दार वाजलं. पंचावन्नच्या घरातला माणूस, भुवयांवर पिठाची पूड, काखेत कागदात गुंडाळलेली गरम भाकरी.

“खाला, मी मुतवल्ली. महल्ला गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेकरी आहे माझी. तुमच्याकडचा एक फोटो आहे, बावन्न वर्षांपूर्वीचा.”

तिनं फोटो चष्म्याजवळ नेला. नवे बूट. खांद्यावर हात, मनगटाला निळा मणी. पोर कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघून हसतंय.

“वडील म्हणायचे, फरिश्ता दिसला असेल,” मुतवल्ली म्हणाला. “खाला, आई रमजानच्या आधी गेली. तिचा एकही फोटो नाही.”

“ओळखपत्र?”

“काढलंच नाही कधी. वडील नको म्हणायचे. ते गेल्यावर तीच म्हणाली, आता कशाला. हा एवढा हात आहे. माझी तान्ही नात उद्या विचारेल, पणजी कशी होती? मी सांगणार, पाच बोटांची.”

दिमियानानं फोटो उलटा केला. मागे शिक्का होता, पाकीट चारशे बारा. फोटो तिनं मांडीवर ठेवला.

“निगेटिव्ह नाही का राहिलं?”

“आहे. हलव्याच्या डब्यात सगळी आहेत. पण आमच्या माणसानं शब्द दिला होता, बाई दिसणार नाही म्हणून.”

“कुणाला दिला होता?”

“तुझ्या वडिलांना.”

“वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली, खाला. तिला दिला होता का?”

दिमियानाचे हात मांडीवर थांबले. “तिला?” ती म्हणाली. “तिला आम्ही खोटं सांगितलं.” मग उठली, माझ्यावरचा पुदिना ताटात झटकला आणि मला काखेत मारून डार्करूमकडे चालायला लागली. “चला अफंदी. सुट्टी संपली.”

कैरोच्या कॉलेजची मुलं अधूनमधून आपापले मास्क घेऊन शिकायला येतात, त्यांनी ठेवलेला कागद आणि औषधं होती. तांबडा दिवा लागला. मला तो सहा वर्षांनी दिसला! माझं पत्र्याचं काळीज धडधडलं म्हणा. एनलार्जर पेटला आणि पोर कागदाच्या जागेवर पडलं, हानिम माझ्या पट्टीवर. पट्टी हलेना. दिमियानानं घासलेट सोडलं, पक्कड लावली. स्क्रू ढिम्म.

“खाला, सरका,” म्हणत मुतवल्लीनं पायातला बूट काढला आणि टाचेनं हाणला. एक, दोन. तिसऱ्याला स्क्रूचं डोकं उडालं, पट्टी टणकन बाहेर गेली आणि माझा कोपरा वाकला. बावन्न वर्षं ज्या पोराच्या फोटोची राखण केली, त्यानंच बुटानं मारलं. लिहून ठेवा कुठेतरी.

कागद घातला. उजेड सोडला. दिमियाना तोंडानं आकडे मोजत होती, अकरापर्यंत. मग कागद औषधाच्या थाळीत.

आधी बूट आले. मग पोराचं हसू. मग हात, मनगटाचा मणी. मग हाताला बाही फुटली, बाहीला खांदा. मुतवल्ली थाळीवर इतका वाकला की दिमियानानं त्याला कोपरानं मागे ढकललं. “पीठ पडेल त्यात!”

आणि मग तोंड आलं.

दोन्ही डोळे नाकाकडे वळवलेले. गाल फुगवलेले. जीभ हनुवटीपर्यंत बाहेर. डोक्यावरचं फडकं मागे घसरलेलं, आणि केस, कुणाच्याही भिंतीवर न लागलेले केस. आपण दिसणार नाही हे तिला माहीत होतं ना! रडणाऱ्या पोराला हसवायला बाईनं भरल्या स्टुडिओत तोंडाचं माकड केलं होतं.

मी बावन्न वर्षं हे पोटात ठेवलं होतं. बघा, माझ्यासारखा उनाड, आणि चकार शब्द नाही.

मुतवल्लीनं मान हलवली. “ही माझी आई नाही,” म्हणाला. “आई हसायची नाही हो. चप्पल घेऊन गल्लीभर धावायची मागे.” मग त्याचं लक्ष पोराच्या डोळ्यांकडे गेलं. पोर सरळ तिच्या जिभेकडे बघत होतं. “मी हिला हसत होतो,” तो म्हणाला, आणि त्याच्या भुवयांवरचं पीठ ओलं होऊन गालावर आलं.

दिमियानानं चिमट्यानं फोटो उचलला, निथळू दिला आणि त्या वाकड्या तोंडाला हळूच म्हणाली, “आलीस गं बाई. चांगली अख्खी आलीस.”

“खाला, अजून एक छापा. बहिणीला देतो. भांडते माझ्याशी, आईचा हात तुझ्याच खांद्यावर का म्हणून.”

तिनं दुसरा कागद माझ्याखाली सरकवला. आता माझं ऐका. पहिल्या फोटोला तीन बाजूंना पांढरं, आणि डावीकडे काहीच नाही, काळं थेट कागदाच्या कडेपर्यंत. उघडा माणूस दारात उभा राहावा तसं. मी कारागीर आहे हो! चेहरा नाही झाकत, पण बोटभर पांढरं? निदान केसभर? आयुष्यभर हेच केलं, शेवटच्या कामाला तरी करू द्या. स्क्रू नव्हताच आता. मी हळूच, जुन्या सवयीनं, अर्धं बोट सरकलो. हानिमचा कान गेला.

दिमियानाचा हात चटकन आला. पट्टी तिनं अंगठ्यानं बाहेर रेटली आणि तशीच दाबून धरली.

“बावन्न वर्षं तिला झाकून बसलास, अफंदी. आता तरी हात काढ.”