लालबागला चटईवर जोडलेला मी

मित्रांनो, माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. इतरांच्या छातीवर जिथे चकचकीत पट्टी असते, तिथे माझ्या पत्र्याला एक पोचा आहे. त्या पोच्यामुळे दुकानदाराने तीनशे रुपये कमी केले, म्हणून तो मला दागिन्यासारखा वाटतो. मी सुटे भाग आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, चटईवर माझा जन्म झाला.

श्रेयाचा डिप्लोमा संपला आणि घरांचे नकाशे काढायला तिला कॉम्प्युटर लागणार होता. तिचे बाबा हितेंद्र यांनी लगेच शोरूमचं रंगीत पत्रक आणून कॅलेंडरमागे खोचलं.

"तयारच घ्यावा. खोक्यातून काढला, लावला, चालू. डोक्याला ताप नाही."

"बाबा, तेवढ्या पैशांत ते निम्मी मेमरी देतायत. आणि झाकण उघडलं की वॉरंटी गेली."

"मग उघडायचं कशाला?"

आजोबा कुशाबा गिरणीत तीस वर्षं फिटर होते. त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं. गिरणीत यंत्राला साचा म्हणत, तो शब्द त्यांच्या तोंडून अजून गेलेला नाही. "जो साचो आपल्याक उघडूक येणा नाय," ते म्हणाले, "तो आपलो कसो?"

हितेंद्र यांनी पैसे दिले, पण अट घालून. "ऐन वेळी एकदा जरी बंद पडला ना श्रेया, तर हा विकायचा आणि शोरूमचा आणायचा. हप्ते तुझ्या पगारातून."

"पगार सुरू तर होऊ दे."

मग श्रेयाने तीन शनिवार लॅमिंग्टन रोड पालथा घातला. या दुकानाचा भाव त्या दुकानात सांगून तिने सगळ्यांना जेरीस आणलं. स्क्रीन दादरच्या एका बंद झालेल्या ऑफिसातला, वापरलेला घेतला. कीबोर्ड सगळ्यांत स्वस्त. पण मला वीज पुरवणाऱ्या भागात मात्र तिने एक रुपया वाचवला नाही. सगळं धरून मी शोरूमवाल्यापेक्षा नऊ हजारांनी स्वस्त पडलो आणि मेमरी माझी दुप्पट. हा आकडा हितेंद्र यांनाही पाठ होता. फक्त ते तो बोलून दाखवत नसत.

रविवारी मला जोडलं. कुशाबा तंबाखूच्या डबीच्या झाकणात माझे स्क्रू सांभाळत बसले होते. आजी सुभद्रा यांनी आधी हळदकुंकू लावलं आणि मगच माझं बटण दाबू दिलं. त्या क्षणी माझा पंखा ज्या अभिमानाने फिरला, त्याच अभिमानाने तो आजवर फिरतो आहे.

पण मित्रांनो, लाड कधीकधी महागात पडतात. सुभद्राआजींनी स्वतःच्या हिरव्या साडीचा मला झगा शिवला. खाली काठ, कडेला इलॅस्टिक आणि पुढे बटणापुरतं भोक. शेजारपाजारच्या बायका पाहून गेल्या. मे महिना आला. आमच्या खोलीखाली मसाला कुटायचं दुकान आहे. वर्षाची मिरची कुटायला झुंबड उडाली आणि वारा तिखट झाला. आजींनी हुकूम काढला, "झगो काढू नको गो. मिरची जाईल त्याच्या नाकात."

आजींचं मन कोण मोडणार? मी झग्यासकट चालू राहिलो.

त्याच महिन्यात दादरच्या एका आर्किटेक्ट बाईंनी श्रेयाला चाचणीचं काम दिलं. दोन खोल्यांच्या घराचा नकाशा, दुपारी एकपर्यंत. जमला तर नोकरी. अकरा वाजता मी बंद पडलो. तिने मला चालू केलं, पाच मिनिटांत पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. नेमकी हितेंद्र यांची सुट्टी होती.

"सांगितलं होतं मी," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे.

कुशाबा उठले. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि झटकन काढला. "अरे, ह्याचो श्वास कोंडलो. गिरणीत कापसाची धूळ बसली की आमची मोटर अशीच तापायची." त्यांनी झगा उतरवला, वायर काढली, झाकण उघडलं. पंख्यावर लाल मिरचीचा थर बसला होता. झग्याच्या भोकातून येईल तेवढीच हवा मी ओढत होतो.

"ब्रश आण. मऊ हवो."

श्रेयाने बाबांचा कलप लावायचा कोरा ब्रश आणला. कुशाबांनी एका बोटाने पंखा धरून पात्यामागून पातं झाडलं. तिघेही शिंकत होते.

"खाली कागद धर रे," कुशाबा मुलाला म्हणाले.

हितेंद्र यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कॅलेंडरमागचं शोरूमचं पत्रक ओढलं आणि माझ्याखाली पसरलं. माझी मिरची त्या रंगीत चित्रांवर पडली.

साडेअकराला मी सुरू झालो. एकला दहा कमी असताना नकाशा बाईंकडे पोचला.

सुभद्राआजी दारात उभ्या होत्या. "माझ्यामुळे बिघडलो काय गो?"

"नाही आजी. झग्यामुळे मिरची अर्धीच आत गेली," श्रेया म्हणाली. "फक्त हा जागा असताना झगा काढायचा."

नोकरी लागली. पहिल्या पगारातून श्रेयाने माझ्यासाठी आणखी मेमरी आणली. तयार डब्यांना असा पाहुणचार सहसा मिळत नाही. आज मला पाच वर्षं झाली. रोज सकाळी आजी झगा उतरवून घडी घालतात, मगच मी उठतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राला सजवा, पण ते श्वास कुठून घेतं ते आधी पाहा. त्याला उघडायला घाबरू नका. ती नवी मेमरी बसवायची होती, तेव्हा श्रेयाने पेचकस हातात घेतला, तर हितेंद्र यांनी तो काढून घेतला.

"दे इकडे," ते म्हणाले. "आपला आहे तो." आणि त्यांनी माझा पहिला स्क्रू तंबाखूच्या डबीच्या झाकणात ठेवला.