अभ्यासाला सोबत

"बाबा, तू माझ्या मागे येऊन बसत जाऊ नकोस ना. मला सुचत नाही मग काही."

सुखदेव बूट काढायला वाकला होता, तो तसाच राहिला. "मी कधी बसलो तुझ्या मागे?"

"रोज बसतोस. खाली, भिंतीला टेकून." क्षमा खोलीच्या दारात उभी होती, हातात पेन. "मी वळून बघत नाही. बघितलं की तू मार्कांचं काढशील."

"अगं, मी आत्ता येतोय. तूच दार उघडलंस."

"बरं, आज नसशील. काल होतास," ती म्हणाली आणि आत गेली.

काल सुखदेव दिवसभर कामासाठी गावाबाहेर, वाल्डॉर्फला होता. पण पोरीला आधीच ताण, त्यात वाद कशाला. तो कोट अडकवून स्वयंपाकघरात आला, तर नंदा तोंड पाडून बसलेली.

"फिजिक्समध्ये आठ," ती हळूच म्हणाली. "पंधरापैकी. गणितात नऊ. अहो, तिकडे तेरा मागितलेत."

तिकडे म्हणजे लंडनला. तिथल्या विद्यापीठानं क्षमाला जागा देऊ केली होती, पण अट घालून. आबिटुअरला, म्हणजे इथल्या जर्मन बारावीला, दोन्ही विषयांत तेरा हवेत. उन्हाळ्यापर्यंत तेरा-चौदाच्या खाली न उतरलेली मुलगी ऑक्टोबरपासून घसरायला लागली ती थांबेना. ट्यूशन लावली, टीव्ही बंद केला, बदाम भिजवून झाले. काही म्हणता काही फरक नाही.

ऑक्टोबरात काय झालं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. राजाभाऊ गेले होते. सुखदेवचे वडील. औरंगाबादला, झोपेतच. सुखदेव कंपनीचं काम सांगून विमानात बसला, सगळं उरकून आला. विहारात पुण्यानुमोदन झालं तेव्हा इकडे क्षमा केमिस्ट्रीचा पेपर देत होती. परीक्षा झाल्यावर सांगू, असं नवरा-बायकोनं ठरवलं. यात जगावेगळं काही नाही. बोर्डाची परीक्षा असलेल्या घरात गेलेलं माणूसही निकालापर्यंत जिवंत ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. खुद्द सुखदेवच्या बारावीला राजाभाऊंनी हेच केलं होतं. तो हॉस्टेलवर राहून पेपर देत होता आणि गावी त्याची आई गेली. शेवटचा पेपर देऊन घरी आला, तर चुलीपाशी आत्या बसलेली.

रविवार उजाडला. रविवार म्हणजे आजोबांच्या फोनचा दिवस.

"आजोबांशी बोलू?" क्षमानं विचारलं.

"त्यांना ऐकू येत नाही गं हल्ली," सुखदेव म्हणाला. "कानाचं मशीन दुरुस्तीला टाकलंय."

"अजून? बरं, माझा जय भीम सांग. आणि सांग, मी अभ्यास करतेय." ती खोलीत गेली. दार पुरतं लावलं नाही.

दुपार कलायच्या आतच बाहेर अंधारून आलं होतं. धुक्यात समोरची इमारत दिसेना. नंदानं चहा ठेवला. दोघं टेबलाशी बसली होती, हीटर मधूनच टिकटिकत होता. खोलीचं दार उघडलं आणि क्षमा बाहेर आली. तिनं आधी बाबाकडे बघितलं, मग आईकडे. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही दोघंही इथेच आहात?"

"इथेच आहोत. का गं?"

"मग आत कोण बसलंय?"

नंदा उठून गेली, दिवा लावला, कपाट उघडलं, पलंगाखालीही वाकून बघून आली. "कुणी नाही गं. अभ्यासानं डोकं शिणलंय तुझं."

"नाही, आई. बसताना गुडघे वाजतात. कट्, कट्, दोनदा. मग जरा वेळानं म्हणतो, 'हं, चालू दे.'"

सुखदेवनं कप खाली ठेवला. कॉलेजच्या गेटवर पहाऱ्याला उभं राहून राजाभाऊंचे गुडघे कामातून गेले होते. सुखदेव शाळेत होता तेव्हा ड्यूटी करून आले की पोराला डुलकी लागू नये म्हणून त्याच्या मागे भिंतीला टेकून बसत आणि मान वर न करता म्हणत, हं, चालू दे. डार्मश्टाटला एकदाच आले होते, क्षमा चौथीत असताना. तेव्हा तिच्याही मागे बसले असतील. पण हे शब्द सुखदेवनं जन्मात कधी उच्चारले नव्हते.

नंदानं मानेनंच नको म्हटलं. तरी तो बोलला.

"क्षमा, आजोबा गेले."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

ती खुर्चीत बसली. रडली नाही, तेच सुखदेवला सहन होईना. "मी दर रविवारी त्यांना जय भीम सांगायला सांगत होते," ती म्हणाली. "तू कुणाला सांगत होतास?"

सुखदेवला स्वतःची लाज वाटली. त्यानं आईची गोष्ट सांगितली, आत्या, चूल, सगळं. आजवर कधी सांगितली नव्हती.

"रागावला नाहीस आजोबांवर?"

"ॲडमिशन मिळाली होती गं. रागवायचं कसं?"

नंदा डोळे पुसत होती. क्षमानं थंड झालेला चहा पिऊन टाकला. "आणि माझे तेरा नाही आले तर?"

"नाही आले तर नाही आले," सुखदेव म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. "लंडन गेलं तर जाऊ दे."

ती उठून खोलीत गेली. तो मागोमाग दारापर्यंत गेला.

"मी बसू?"

"बस."

तो भिंतीला हात लावून खाली बसला. बसताना गुडघे दोनदा वाजले. क्षमाची पाठ ताठ झाली, पण तिनं वळून बघितलं नाही.

"तिथं नको," ती म्हणाली. "थोडा सरक."

सुखदेव सरकला. शेजारी एक माणूस टेकेल एवढी भिंत मोकळी राहिली. क्षमानं पुस्तक जवळ ओढलं आणि पेन हातात धरून थांबली. हं, चालू दे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्याचं नव्हतं, म्हणून तोही थांबला.