माप घट्ट होईपर्यंत

तिने काचेखालच्या फटीतून अर्ज आत सरकवला आणि नखांच्या कडेला राहिलेलं प्लास्टर खरवडत उभी राहिली. निघताना हात चांगले घासून धुतले होते, पण कवळ्या बनवणाऱ्या माणसाचे हात कधी पुरते स्वच्छ होत नाहीत.

"कर्ज फिटल्याचा दाखला हवाय," ती म्हणाली. "आणि जामीनदार मोकळा झाल्याचं पत्र."

काचेपलीकडच्या कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे कर्ज फिटलेलं नाही. चालू आहे."

"दुसऱ्या कंपनीने घेतलंय ते. त्यांनी तुमचे पैसे चुकते केले. आता मी त्यांना भरते."

"इथे कोणीही काही चुकतं केलेलं नाही."

"म्हणजे माझे हप्ते थकलेत?"

"छे हो. हप्ते अगदी वेळेवर आहेत. सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर माझे केस शाबूत राहिले असते." त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ती बाजूला झाली. कंपनीने कर्ज फेडलेलं नाही, हे समजण्यासारखं होतं. हप्ते वेळेवर आहेत, हेही समजण्यासारखं होतं. पण दोन्ही एकदम कसं खरं असेल? लॅबमध्ये कधी कधी असं व्हायचं. वरच्या जबड्याचा साचा बिनचूक, खालच्याचाही बिनचूक, आणि एकमेकांवर ठेवले की बसायचेच नाहीत. तेव्हा चूक कुठे आहे हे शोधायची तिची एक पद्धत होती. पहिल्या मापापासून पुन्हा सुरुवात करायची.

पहिलं माप म्हणजे भट्टी. दातांचं पोर्सेलीन भाजायची नवी भट्टी तिने या बँकेच्या कर्जावर घेतली, तेव्हा जामीन राहायला आत्या आली होती. नातेवाइकांपैकी बाकीच्यांना नेमकी त्याच आठवड्यात कामं निघाली होती. पुढे भट्टी छान चालली, पण हप्ता जड जायला लागला. मग एक दिवस निरोप आला, 'आपले कर्ज मंजूर झाले आहे'. पाठोपाठ फोन. फोनवरचा माणूस तिला ताई म्हणत होता. जुनं कर्ज आम्ही बघतो, तुम्ही फक्त आम्हाला भरा, आणि भरायचे ते निम्मेच. एवढंच करा, की बँकेचा फोन आला तर उचलू नका. ती मंडळी उगाच घोळ घालतात. तिने सही केली, बँकेतून आपोआप जाणारा हप्ता त्यांनी सांगितला तसा बंद केला, बँकेचा नंबर दिसला की फोन पालथा ठेवायला लागली, आणि आत्याला जाऊन सांगितलं, "तुझी मान सोडवली बघ."

आत्या तेव्हा कपड्यांच्या घड्या करत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि घडी पुन्हा मोडून नव्याने घातली.

बँकेच्या जिन्यात उभं राहून तिने कंपनीला फोन लावला. तोच आवाज.

"बोला ताई."

"तुम्ही माझं जुनं कर्ज अजून फेडलेलं नाही."

"बरोबर आहे, ताई. आत्ता कसं फेडणार?"

"मग मला कर्ज कशाचं दिलंत?"

"कर्ज नाही हो. ही तडजोड योजना आहे. तुमचे पैसे आमच्याकडे साठतात. तुमचे हप्ते थकले की बँक मेटाकुटीला येते, मग आम्ही कमी रकमेत मिटवून देतो."

"पण मंजूर झालं म्हणून तुम्हीच कळवलंत."

"योजनेत तुमचा प्रवेश मंजूर झाला, ताई. कागदावर आहे ना सगळं."

ती भिंतीला टेकली. माणूस खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं, आणि खरं बोलतोय असंही नाही. "मग माझे साठलेले पैसे परत द्या."

"आमची फी वजा जाऊन जे असेल ते मिळेल की. पण सुरुवातीला फीच जास्त असते. आता घाई करू नका. बँक किती चिडलीय सध्या?"

"चिडलेली नाही. हप्ते वेळेवर आहेत म्हणाले."

पहिल्यांदाच तो आवाज अडखळला. "असं कसं? तुम्ही तिकडेही भरताय का?"

"नाही."

"भरू नका हं, ताई. त्याने आमचं काम अवघड होतं."

ती पुन्हा वर गेली. कारकून डब्यातला शेवटचा घास खात होता. तिला पाहून त्याने झाकण लावलं.

"हे हप्ते भरतं कोण?" तिने विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?" त्याने डबा बाजूला सारला. "तुम्ही फोन उचलत नव्हतात. मग नियमाप्रमाणे जामीनदाराला कळवावं लागलं. त्या बाई येतात ना दर महिन्याला, रोख घेऊन. सुट्टे पैसेसुद्धा मोजून आणतात. पहिल्याच दिवशी मला दम दिला, यापुढे तिला फोन करायचा नाही, तिला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल." तो ओशाळून हसला. "मी म्हटलं, बरं."

आत्याकडे ती आज जाणारच होती. एका हातात मोकळीक मिळाल्याचं पत्र आणि दुसऱ्या हातात मापाचं सामान, असं तिने ठरवलं होतं. खालची कवळी सैल झालीय म्हणून आत्या कित्येक दिवस मऊ तेवढंच खात होती, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की "काय घाई आहे" म्हणायची. शेवटी माप आपणच घ्यायचं असं हिने जाहीर केलं होतं.

दारात भाडेकरूचे बूट होते. तो गाडी चालवायला शिकवायचा आणि पुढच्या खोलीतून फोनवर कुणालातरी ओरडून सांगत होता, "ब्रेक, ब्रेक, ब्रेक." आत्याने टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं होतं. जन्मभर लोकांची बडबड जोडून दिली, आता घरात माणसाचा आवाज नको, असं निवृत्तीच्या दिवशी तिने सगळ्यांना बजावलं होतं. आणि मग, भाचीने बँकेचा हप्ता बंद केल्यावर दीड-दोन महिन्यांतच, सोबत हवी म्हणून अचानक पुढची खोली भाड्याने दिली. तेव्हा भाचीनेच तिची थट्टा केली होती, म्हातारपणी कान गेले वाटतं.

ती बुटांपाशी थांबली. मग आपल्या चपला काढून त्यांच्यापासून जरा लांब ठेवल्या.

आत्या स्वयंपाकघरात होती. भिंतीला टेकवून तिची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"आलीस? हात धुतलेस का? मागच्या वेळी चहाच्या कपाला चुना लागला होता."

"चुना नव्हे, प्लास्टर."

"पोटात गेल्यावर सारखंच." आत्याने खालची कवळी काढून वाटीत ठेवली, खुर्चीत बसली आणि आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

मापाची पावडर तिने दुसऱ्या वाटीत पाण्यात कालवली. हाताला सवय होती. गुलाबी लगदा जबड्याच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरून तिने तो आत्याच्या खालच्या हिरडीवर बसवला आणि दोन बोटांनी दाबून धरला.

"आता बोलायचं नाही. घट्ट होईपर्यंत."

आत्याने डोळ्यांनीच बरं म्हटलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली.

"बँकेत जाऊन आले," ती म्हणाली.

आत्याची नजर भिंतीवरून हलली नाही. मांडीवरचा हात तेवढा उचलला गेला आणि भाचीच्या कोपराजवळ येऊन दोनदा थोपटून गेला. लहानपणी पडल्यावर थोपटायची तसाच. असू दे, त्यात काय, होतं असं.

"नाही आत्या. तुला वाटतंय तसं नाही. पैसे नव्हते म्हणून नाही." तिने ट्रेवरची बोटं नीट केली. "मी भरत होते. दर महिन्याला. एकदाही चुकले नाही."

आता आत्याने तिच्याकडे पाहिलं. भुवया जवळ आल्या. ती काहीतरी म्हणायला गेली, तिच्या घशातून नुसताच आवाज आला.

"हलू नकोस. अजून ओलं आहे."

पुढच्या खोलीतला फोन संपला. वाटीत उरलेल्या लगद्यावर तिने मोकळ्या हाताचं बोट दाबून पाहिलं. ठसा उमटला नाही. तिने ट्रे अलगद सोडवून बाहेर काढला आणि पाण्याचा पेला पुढे केला. आत्याने तो घेतला नाही. हनुवटीवर गुलाबी ओघळ तसाच होता.

"कोणाला भरत होतीस?" आत्याने विचारलं.

माप लगेच प्लास्टरने भरावं लागतं, नाहीतर ते आकसतं आणि मग त्यावर काहीच नीट बसत नाही. ट्रे उजेडाकडे धरून ती तशीच उभी राहिली.