सात सह्यांचं कोरं पान

मी ठरावाची वही बोलतेय. सम्यकला अभ्यासिकेतून हाकललं ते पुंडलिककाकांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या पानांत ते कुठंच सापडणार नाही. माझ्यात लिहिलंय 'सर्वानुमते'. आणि तिथंच माझा गोंधळ उडतो.

मला औरंगपुऱ्यातल्या दुकानातून सम्यकनंच विकत आणलं. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पानं. कॉलेज अर्धवट सोडून तो भरतीच्या परीक्षेची तयारी करत होता. घरात एकच खोली, त्यात आई भामाबाईंचं शिलाई मशीन दिवसभर खडखडत असायचं. म्हणून विहारामागची बंद खोली त्यानं अभ्यासिकेसाठी झाडून घेतली. मग रूपा आली, फुलंब्रीहून रोज येणारा इंद्रजीत आला, अमृता आली. अध्यक्ष कोणी नव्हता. दार कोणी उघडायचं, चहा कोणी आणायचा, हे न ठरवता ठरलेलं असायचं. तेव्हा त्यांना माझी गरजच नव्हती.

पुंडलिककाका वस्तीतलेच, नुकतेच रिटायर झालेले, दिवस जाता जात नव्हता. म्हणाले, "पोरांनो, कागदावर नाय तर तुम्ही कोणीच नाय. संस्था रजिस्टर करा."

केली. ठराव लिहायला मी आले ती तेव्हाच. काका अध्यक्ष, त्यांच्या बायको सरूबाई उपाध्यक्ष, मित्र कचरूकाका सचिव. चौघं पोरं नुसती सदस्य. ज्यांनी खोली झाडली ते खाली, ज्यांनी तिथं कधी पाय ठेवला नाही ते वर.

दर महिन्याला सभा भरवायचा कंटाळा. मग एका रविवारी कचरूकाकांनी वीस कोऱ्या पानांच्या तळाशी सातही जणांच्या सह्या घेऊन ठेवल्या. "मजकूर मागून भरतो. समदीकडं असंच चालतंय." सम्यकनं मला गाडीच्या सीटवर ठेवून भराभर सह्या ठोकल्या. चूक त्याचीही, पण खोड मोठ्यांची.

पुढं मी कचरूकाकांच्या फ्रिजवर पडून होते आणि माझ्यात सभा भरत होत्या. 'साधकबाधक चर्चा झाली.' 'चहापानानंतर सभा संपली.' मला माणूस दिसला नाही की कपबशी. वाटलं, सभा म्हणजे न दिसणारंच काहीतरी असेल.

परीक्षा दीड महिन्यावर आली तेव्हा काकांनी अभ्यासिका आठ दिवस बंद केली. त्यांच्या सत्काराच्या खुर्च्या तिथं ठेवायच्या होत्या. सम्यक भर सत्कारात उठून म्हणाला, "काका, हार मागून घाला, आधी चावी द्या." लोक हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदाव्या पानावर मजकूर उतरला: सम्यक यांचं सदस्यत्व रद्द, अभ्यासिकेत प्रवेश बंद. खाली सात सह्या तयारच होत्या.

"काका, मी मीटिंगला नव्हतोच," अभ्यासिका पुन्हा उघडल्यावर सम्यक तिच्या दारात मला हातात धरून म्हणाला.

"सही कुणाची हाय?"

"माझी."

"मग होतास तू."

"म्हणजे मीच मला काढलं?"

"मी तर नाय काढलं बाबा. कमिटीनं काढलं."

रूपा हळूच बोलली, "आमी सह्या केल्या तवा पान कोरं होतं."

"दे की लिहून तसं," काका म्हणाले. "चौदावं पान खोटं, तर आधीची तेराही खोटी. संस्था जाईल, खोलीला कुलूप लागंल. तुझी पण परीक्षा हाय ना?"

रूपानं आपलं पुस्तक पुढं ओढलं. अमृतानं पुस्तकातून डोकंच वर काढलं नाही.

इंद्रजीत म्हणाला, "सम्या, संस्थेचा निर्णय हाय रे."

"संस्था म्हणजे कोण? तू, मी, रूपा."

"तसं नसतंय ते."

मग कसं असतं? ते मला अजून कळलेलं नाही. सातही सह्या माझ्याच अंगावर आहेत. एकेकीला विचारावं तर ती म्हणते, मी नाही. सगळ्यांना मिळून विचारावं तर पोरगा बाहेर. माणसं चांगली होती, दोस्त होती, मग ओळीनं सह्या केल्यावर त्यांचं काय झालं? की मलाच नीट वाचता येत नाही?

आता मी काकांच्या कपाटात असते. माझा पुठ्ठा सुटत आलाय, पण वर्षातून एकदा कोणी तपासायला आलं की मला पुसून टेबलावर ठेवतात. तपासणारा सह्या मोजतो, मान डोलावतो, जातो. मोठ्या माणसांनो, पुढच्या वेळी कोणाला काढायचं असेल तर तोंडावर काढा. मला मध्ये घेऊ नका.

घरी मशीनच्या खडखडाटात अभ्यास झाला नाही, सम्यकची त्या वर्षीची परीक्षा गेली. पुढच्या वर्षी भरतीच्या मर्यादेत त्याचं वय बसलं नाही. रूपा, अमृता आणि इंद्रजीत त्याच्याशी बोलत नाहीत.